नाकाचं कर्ज कोणाच्या नावावर?

'नाक सुधारून घ्या, पैसे सोप्या हप्त्यांत भरा' अशा जाहिराती आता इतक्या सरावाच्या झाल्या आहेत की त्यात काही वावगं वाटत नाही. फ्रिज हप्त्यावर, गाडी हप्त्यावर, मग नाकाने काय घोडं मारलंय? पण चेहरा दुरुस्त करण्याचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न हप्त्यांपेक्षा बराच जुना आहे. आणि त्याची एक गोष्ट तर थेट आपल्या पुण्यातली आहे.

कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासकट छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली, वगैरे भाग आपण अभिमानाने सांगतोच.

मला मात्र त्या लेखातलं एक छोटं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. कावसजी आता कंपनीचा पेन्शनर आहे, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे ज्यांच्या चाकरीत नाक गेलं, त्यांच्याकडे निदान काहीतरी देणं लागत होतं.

हे 'देणं' पहिल्या महायुद्धात प्रचंड वाढलं. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी तोंडावरच. इंग्लंडमध्ये १९१७ साली सिडकपला खास इस्पितळ निघालं. तिथे हॅरॉल्ड गिलीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांवर सैनिकांवर अकरा हजारांहून जास्त शस्त्रक्रिया केल्या. सैनिकाच्या खिशातून नव्हे, अर्थातच. त्याच साली ठरलेल्या पेन्शनच्या कोष्टकात चेहऱ्याची अतिगंभीर विद्रूपता दोन्ही डोळे जाण्याच्या रांगेत होती. शंभर टक्के अपंगत्व, साध्या शिपायाला आठवड्याला २७ शिलिंग ६ पेन्स. चेहऱ्याची किंमत सरकारने अशी चक्क रकान्यात मांडली होती!

फ्रान्सची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या अशा जखमींनी १९२१ मध्ये स्वतःची संघटना काढली. लोक त्यांना 'फुटक्या तोंडाचे' म्हणत, आणि तेही स्वतःला तेच म्हणवून घेत. उपचार झाले तरी नोकरी मिळेना, आरशाकडे बघवेना. पैसा उभा करायला त्यांनी १९३१ साली सोडत काढली. तिचं नाव होतं 'ला देत', म्हणजे 'कर्ज'. १९३३ मध्ये फ्रान्सची राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली. तिचं शंभर फ्रँकचं तिकीट सामान्यांना झेपेना, तेव्हा या संघटनेने त्याचे दहावे हिस्से विकून निधी जमवला. पुढे लॉटरीची कंपनी झाली. २०१९ साली सरकारने तिचे निम्म्याहून जास्त शेअर विकले, तेव्हाही ही संघटना तिची मोठी भागीदार होती.

कर्ज हा शब्द इथे कसा उलटा वापरलाय बघा. ऋणको जखमी माणूस नाही, ऋणको त्याचा देश आहे.

आज आपल्याकडे विमा कंपन्या सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळतात. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना मात्र वगळत नाहीत. ही रेघ वरवर सरळ दिसते. पण ज्याचं नाक जन्मापासूनच वेडंवाकडं आहे आणि ज्याला त्यावरून रोज टोमणे ऐकावे लागतात, तो कुठल्या बाजूचा? त्याचं कुणी काही देणं लागत नाही, म्हणून तो हप्ते भरतो. आणि टोमणे मारणारे आपण मात्र नामानिराळे.

हप्त्यावर नाक घेणाऱ्याला हसणं सोपं आहे हो. पण त्या कर्जात थोडा वाटा बघणाऱ्यांच्या नजरेचाही असावा, असं मला राहून राहून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?