गळावरची माशी आणि आपला रानकोंबडा

आजचा विषय दिसायला बोटभर आहे. गळावर रेशीम आणि पिसं बांधून खोटी माशी करायची आणि तिनं मासा फसवायचा. इंग्रजीत तिला ‘फ्लाय’ म्हणतात. आपण मात्र तिच्याकडे इतिहासाचं साधन म्हणून बघू या.

इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या मासेमारीवरच्या एका लेखनात अशा १२ माश्यांची कृती दिली आहे. साहित्य काय, तर लोकर, बदकाची पिसं, कोंबड्याची पिसं. म्हणजे परसातलं. आता थेट १८९५ सालात या. जॉर्ज केल्सन यांचं ‘द सॅमन फ्लाय’ हे पुस्तक त्या वर्षी निघालं. त्यात ‘जॉक स्कॉट’ या प्रसिद्ध माशीची कृती वाचली की पक्ष्यांचा नकाशाच उघडतो: दक्षिण अमेरिकेतले टूकन आणि मकाव, माळढोकाच्या जातीचा पक्षी, मोर. आणि दोन्ही बाजूंना ‘जंगल कॉक’. हा जंगल कॉक म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा! त्याच्या मानेच्या पिसावर मेणाच्या थेंबासारखा पिवळा ठिपका असतो, तो माशीचा डोळा म्हणून वापरत.

मधल्या काळात झालं काय? साम्राज्याची जहाजं आणि बायकांच्या टोप्यांची फॅशन यांमुळे जगभरची पिसं लंडनच्या बाजारात येऊ लागली. गंमत अशी, की अंडी घालायला नदीत चढलेला सॅमन जवळजवळ काही खातच नाही. तो गळावर का झेपावतो, हे खात्रीनं सांगणं कठीण. पण त्याला अमुकच पक्ष्याचं पीस लागतं असं काही नाही. ही श्रीमंती माशासाठी नव्हती, माणसासाठी होती.

पुढे ब्रिटननं १९२१ साली पिसांच्या आयातीवर कायद्यानं बंदी घातली. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पण जुनी कृती पुस्तकात तशीच राहिली. आज अनेक हौशी लोक या माश्या पाण्यात टाकण्यासाठी नव्हे, तर चौकटीत लावण्यासाठी बांधतात. ‘अस्सल’ पिसाचा हट्ट किती टोकाला जातो, ते २००९ साली दिसलं. लंडनमध्ये बासरी शिकणाऱ्या एका तरुण हौशी कारागिरानं ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. काही आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेली होती. बऱ्याच नमुन्यांच्या चिठ्ठ्या गेल्या. पक्षी कुठे, केव्हा मिळाला हेच हरवलं, की शास्त्राच्या दृष्टीनं उरतं फक्त पीस.

याउलट स्कॉटलंडच्या मेगन बॉइड (१९१५–२००१) पाहा. त्यांच्या माश्या जगभर नावाजल्या गेल्या, पण त्यांनी स्वतः कधी मासेमारी केली नाही. त्यांचं नाव झालं ते बोटांच्या कसबामुळे.

आणि ते कसब खरोखर बघण्यासारखं असतं. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात. वेगवेगळ्या पिसांच्या पट्ट्या शेजारी ठेवून बोटानं हलकेच फिरवलं, की त्या एकमेकींत अडकून एकच पंख होतो. रंगवलेल्या बदकाच्या किंवा टर्कीच्या पिसानंही हे साधतं. बरेच जण आज तसंच करतात.

आम्हाला वाटतं, परंपरा जपणाऱ्यानं हे ठरवावं, की आपण जपतोय काय: हातातली विद्या, की एका काळच्या बाजारातली मालाची यादी? विद्येसाठी रानकोंबड्याची मान लागत नाही.

आता प्रश्न घेऊ या.