अमेरिकेच्या मैदानावर पाहुणा: कतारच्या १२ सामन्यांचा हिशेब

गोंदियातल्या आपल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी नोकरीसाठी आखाती देशांत आहे. त्यामुळे कतारची मॅच असली की चर्चा होतेच. वर्गात मुलं आम्हाला विचारतात, "कतार तर आशियात आहे, मग अमेरिकेच्या स्पर्धेत कसा?"

पाहुणा संघ म्हणजे काय?
दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघात देश फक्त १०. गट पाडायला १२ संघ सोयीचे पडतात, म्हणून १९९३ पासून 'कोपा अमेरिका'त बाहेरचे संघ बोलावू लागले. आपल्या गावच्या स्पर्धेत बालाघाटची टीम बोलवावी, तसंच हे. १९९९ मध्ये जपान हा आशियातला पहिला पाहुणा ठरला. पाहुण्याला मॅच जिंकता येते, पण त्या खंडाच्या कोट्यातली विश्वचषकाची जागा मिळत नाही.

कोपा अमेरिका, २०१९ (ब्राझील)
फेब्रुवारीत जपानला ३-१ हरवून कतार आशियाचा विजेता झाला आणि जूनमध्ये कोपात उतरला. ही स्पर्धा खेळणारा तो पहिला अरब देश. पॅराग्वेविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून २-२ बरोबरी साधली. मग कोलंबियाकडून ०-१ आणि अर्जेंटिनाकडून ०-२ हार. गटात शेवटचा नंबर.

गोल्ड कप, २०२१ (अमेरिका)
ही उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांची स्पर्धा. पनामाशी ३-३, ग्रेनाडावर ४-०, होंडुरासवर २-० आणि उपांत्यपूर्व फेरीत एल साल्वाडोरवर ३-२. उपांत्य फेरीत कतारची पेनल्टी वाया गेली आणि यजमान अमेरिकेनं ०-१ असं हरवलं. ४ गोल करून अल्मोएज अली स्पर्धेत अव्वल ठरला.

गोल्ड कप, २०२३
हैतीकडून १-२ हार, होंडुरासशी १-१, पण मेक्सिकोवर १-० विजय! तोच मेक्सिको पुढे विजेता झाला. कतारला मात्र उपांत्यपूर्व फेरीत पनामानं ०-४ नं घरी पाठवलं.

एकूण
सामने १२, विजय ४, बरोबरी ३, पराभव ५. गोल केले १७, खाल्ले १८.

मग मिळालं काय?
तजुर्बा मिळाला, पण तेवढ्यानं सगळं साधत नाही. २०२२ च्या विश्वचषकात यजमान कतार तिन्ही सामने हरला. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्डनला ३-१ हरवून त्यानं आशिया चषक पुन्हा जिंकला.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. कोपाहून परतलेल्या याच कतारला १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहात आपल्या भारतानं ०-० वर रोखलं होतं. मोठ्या संघापुढे उभं राहायची हिंमत आपल्या पोरांतही आहे. कमी पडतात त्या अशा मॅचेस. म्हणून बाहेरून बोलावणं आलं तर हरण्याच्या भीतीनं मागे राहू नये, मग तो देशाचा संघ असो की आपल्या मोहल्ल्याचा.