अंगणातील वर्ग आणि शिक्षिकेची घडण : बोर्डी-कोसबाड प्रयोगाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

अध्यापनपद्धती आणि शिक्षकप्रशिक्षण हे दोन स्वतंत्र विषय मानून त्यांचा विचार करण्याची सवय शिक्षणक्षेत्रात रुजलेली आहे. पद्धती ही आधीच सिद्ध झालेली वस्तू आणि प्रशिक्षण म्हणजे ती शिक्षकाच्या हाती सोपविण्याचा विधी, असा समज त्यातून निर्माण होतो. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे केलेला बालशिक्षणाचा प्रयोग या समजाला छेद देतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून ही दोन्ही गावे त्या जिल्ह्यात मोडतात. परंतु हा वारसा अविभाजित ठाणे जिल्ह्याचा आहे. या प्रयोगात पद्धती कशी बदलत गेली आणि तिच्याबरोबर शिक्षिका कशी घडत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या विचारांना भारतीय रूप देण्याचे कार्य भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी केले; तेथील बालमंदिर १९२० मध्ये सुरू झाले. ताराबाई मोडक या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि पुढे ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहारच्या माध्यमातून हे कार्य वाढविले. बालमंदिर चालविणे आणि त्यासाठी शिक्षिका तयार करणे ही दोन्ही कामे त्यांनी प्रारंभापासून जोडीनेच केली, ही बाब महत्त्वाची आहे.

तथापि रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धती भारतात मुख्यतः शहरी सुशिक्षित कुटुंबांपर्यंतच पोहोचली होती. खर्चिक साधने, स्वतंत्र इमारत आणि नियमित वेळेवर येणारी मुले या तीन गोष्टी तिने गृहीत धरल्या होत्या. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा यांपैकी एकही गोष्ट तेथे उपलब्ध नव्हती.

त्या वर्षाचे सामाजिक संदर्भही लक्षात घेण्याजोगे आहेत. जानेवारी १९४५ मध्ये, आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर काही महिन्यांतच डहाणू-तलासरी भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. ज्या समाजाचे प्रौढ वेठीतून मुक्त होऊ पाहत होते, त्याच समाजाच्या मुलांसाठी शाळा कशी असावी, हा प्रश्न बोर्डी-कोसबाडच्या कार्यकर्त्यांपुढे उभा ठाकला.

पद्धतीतील परिवर्तन

पहिली अडचण मुलांच्या अनुपस्थितीची होती. मध्यवर्ती बालवाडीत वस्तीवरची मुले येत नसत. हा मुलांचा अगर पालकांचा दोष न मानता तो रचनेचा दोष मानण्यात आला, आणि शिक्षिकेनेच वस्तीत जाऊन एखाद्या अंगणात वर्ग भरवावा, असे ठरले. अंगण-बालवाडीची, म्हणजेच पुढे 'अंगणवाडी' या नावाने देशभर पोहोचलेल्या कल्पनेची ही सुरुवात होय. माँटेसोरी साधनांची जागा खडे, शिंपले, बिया, पाने व काड्या यांनी घेतली.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतरित झाले. तेथे धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली शाळेत येऊ शकत नव्हत्या; म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर वर्गच कुरणात नेण्यात आला. ती 'कुरणशाळा' म्हणून ओळखली जाते. मुलांच्या श्रमाचे वेळापत्रक शाळेने मान्य केले, हे या बदलांचे समान सूत्र होते.

शिक्षिकेची घडण

हे परिवर्तन तयार पाठटिपणे वाचून घडणे शक्य नव्हते. अनुताई वाघ यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बालवयात वैधव्य आलेल्या अनुताईंना पुण्याच्या हुजूरपागेतील अध्यापनाचा दीर्घ अनुभव होता. १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि त्या बोर्डीस आल्या. शहरातील अनुभवी शिक्षिकेलाही येथे नव्याने शिकणे भाग होते. मुलांना बोलावणे, स्वच्छ करणे, त्यांची बोली समजून घेणे आणि त्यांच्या मातांचा विश्वास मिळविणे ही कामे येथे अध्यापनाआधीची नव्हे, तर अध्यापनाचाच भाग होती. वस्ती हीच प्रशिक्षणाची प्रयोगशाळा ठरली. ताराबाईंच्या पश्चात अनुताईंनी हे कार्य अखेरपर्यंत पुढे चालविले.

नाव आणि आशय

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द राष्ट्रीय झाला. ही या प्रयोगाची मोठी फलश्रुती होय. मात्र या योजनेत पोषण, लसीकरण आणि आरोग्यतपासणी यांबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षण ही अनेक सेवांपैकी एक सेवा ठरली. त्यामुळे अंगण सर्वदूर पोहोचले. अंगणातील शिक्षिका घडविण्याची प्रक्रिया मात्र त्या प्रमाणात पोहोचली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. बारावी उत्तीर्ण अंगणवाडी सेविकांसाठी ६ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी १ वर्षाचा पदविका अभ्यासक्रम त्यात सुचविला आहे; तो प्रामुख्याने दूरस्थ व डिजिटल माध्यमातून व्हावा आणि त्याला महिन्यातून किमान एका प्रत्यक्ष संपर्कवर्गाची जोड असावी, अशी योजना आहे. नोकरी न सोडता शिकता यावे, हा त्यामागील हेतू रास्तच आहे. परंतु कोसबाडचा अनुभव असे दर्शवितो की, शिक्षिकेच्या घडणीतील निर्णायक भाग प्रत्यक्ष मुलांसमोर, अनुभवी सहकाऱ्याच्या सोबतीने घडतो.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांचा प्रश्न वेगळा दिसला तरी मूलतः तोच आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यामुळे शहरातील बालवर्गांच्या शिक्षिकांची पात्रता त्याच्या कक्षेबाहेर राहते. कुरणाऐवजी येथे लोकलच्या वेळापत्रकाने बांधलेले पालक आहेत आणि घरात अनेक भाषा बोलणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी कोसबाडची साधने उपयोगी पडणार नाहीत. मात्र मुलाच्या परिस्थितीपासून आरंभ करण्याची रीत उपयोगी पडेल.

समारोप

बोर्डी-कोसबाडच्या इतिहासातून असा निष्कर्ष निघतो की, विद्यार्थ्याच्या शिकण्यावर पद्धतीचा परिणाम होतो तो तिच्या नावामुळे नव्हे, तर ती बदलण्याचे सामर्थ्य शिक्षकात निर्माण झाल्यामुळे. मुले येत नाहीत, हे कळताच वर्ग हलविणारी शिक्षिका हेच या प्रयोगाचे खरे साधन होते. अध्यापक विद्यालयांनी आणि महाविद्यालयांनी आपल्या प्रशिक्षणाची कसोटी पाठांच्या संख्येवर न ठेवता या सामर्थ्यावर ठेवली, तर आपल्याच जिल्ह्यातील हा वारसा केवळ जयंती-पुण्यतिथीपुरता उरणार नाही.