ब्लॅकबेरी ते व्हॉट्सअ‍ॅप : धंद्यासाठी फोन निवडताना आपण नेमकं काय निवडतो?

धंद्यासाठी कोणता फोन घ्यावा, असं आज दुकानात जाऊन विचारलं तर समोरचा माणूस बॅटरी सांगतो, मेमरी सांगतो, कॅमेरा सांगतो. आजचं व्याख्यान इतिहासाचं आहे, तेव्हा मी तुम्हाला मॉडेल सुचवणार नाही. मला दाखवायचं आहे ते एवढंच की, गेल्या पंचवीसेक वर्षांत ज्यांनी कामासाठी फोन निवडला, त्यांनी यंत्राबरोबर आणखी एक गोष्ट निवडली. आपलं काम कोणाच्या भरवशावर चालणार, हे त्यांनी ठरवून टाकलं. बहुतेकांना ते नंतर कळलं.

सुरुवात करू या कॅनडातल्या वॉटर्लू या गावापासून. तिथे १९८४ साली माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोघांनी ‘रिसर्च इन मोशन’ ही कंपनी काढली. १९९९ च्या जानेवारीत तिने ब्लॅकबेरी ८५० बाजारात आणला. खरं म्हणजे तो पेजर होता. त्यावर बोलता येत नव्हतं, आणि तो एका साध्या पेन्सिल सेलवर चालायचा. पण त्याला अंगठ्याने टाइप करता येईल असा छोटा कीबोर्ड होता आणि ऑफिसची ईमेल त्यावर आपोआप येऊन पडायची. म्हणजे ईमेल बघायला जावं लागत नव्हतं, तीच तुमच्याकडे येत होती. आज यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळात मात्र ईमेल बघायची म्हणजे संगणकासमोर बसावं लागे.

ब्लॅकबेरीवर बोलण्याची सोय आली ती २००२ मध्ये, ५८१० या मॉडेलात, आणि तीसुद्धा हेडफोन लावल्याशिवाय चालत नसे. फोन म्हणून बघितलं तर अडचणीचंच यंत्र. तरीही मोठमोठ्या कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी ब्लॅकबेरीचीच निवड केली. असं का झालं?

याचं उत्तर यंत्रामागच्या व्यवस्थेत सापडतं. कंपनी आपल्या ऑफिसात एक सर्व्हर बसवायची. निरोप त्या सर्व्हरवर कुलूपबंद व्हायचा, रिसर्च इन मोशनच्या केंद्रातून पुढे जायचा आणि कर्मचाऱ्याच्या हातातल्या फोनवर उघडायचा. कुलपाची किल्ली राहायची फोन घेणाऱ्या कंपनीकडे. फोन हरवला तर ऑफिसात बसलेला माणूस त्यातला मजकूर दुरूनच पुसून टाकू शकत होता. कोणतं ॲप चालेल, पासवर्ड किती लांब हवा, हेही तोच ठरवायचा. थोडक्यात, फोन वापरणारा वेगळा आणि निवडणारा वेगळा. निवडणाऱ्याला हवा होता ताबा, आणि तो ब्लॅकबेरीने दिला.

या व्यवस्थेवरचा विश्वास वाढला तो एका भयंकर दिवशी. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाला, तेव्हा मोबाइलच्या लाइनी तुंबल्या होत्या, पण ब्लॅकबेरीचे निरोप जात होते. त्यानंतर अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांना ब्लॅकबेरी देण्यात आले. पुढे एका पेटंटच्या खटल्यात ही सेवा बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा सरकारी वापरकर्त्यांची सेवा थांबू नये म्हणून अमेरिकी सरकारनेच न्यायालयात धाव घेतली. २००६ च्या मार्चमध्ये रिसर्च इन मोशनने ६१ कोटी २५ लाख डॉलर मोजून तो खटला मिटवला. इथे थांबून जरा विचार करा. एका देशाचा कारभार चालवणारी माणसं दुसऱ्या देशातल्या एका खासगी कंपनीच्या सेवेवर इतकी विसंबली होती की, दोन खासगी पक्षांच्या भांडणात सरकारला मध्ये पडावं लागलं. फोन पसंत करताना हा प्रसंग कोणाच्या मनात आला असेल?

आपल्या देशात ब्लॅकबेरीची सेवा आली २००४ मध्ये, आणि थोड्याच वर्षांत किल्लीचा प्रश्न इथेही उभा राहिला. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर सुरक्षा यंत्रणांना कोणताही निरोप वाचता येणार नाही अशी सेवा नको होती. २०१० मध्ये सरकारने मुदत दिली : ३१ ऑगस्टपर्यंत मार्ग काढा, नाहीतर सेवा बंद करू. कंपनीचं म्हणणं असं की, मोठ्या कंपन्यांच्या ईमेलची किल्ली आमच्याकडे नाहीच, ती ग्राहकांकडे आहे, देणार काय? त्याच उन्हाळ्यात संयुक्त अरब अमिरातीनेही बंदीची घोषणा केली आणि पुढे ती मागे घेतली. आपल्याकडे वाटाघाटी लांबत गेल्या आणि शेवटी सामान्य ग्राहकांच्या चॅटसाठी मुंबईत सर्व्हर बसला. सरकारची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही, आणि गुपित राखू पाहणाऱ्या कंपनीची गरजही खरीच होती. मुद्दा असा की, फोन विकत घेणारा ग्राहक या वाटाघाटीत कुठेच नव्हता. त्याच्या धंद्याचं काय होणार, हे तिसरेच दोघे ठरवत होते.

इथवर आपण ऑफिसांबद्दल बोललो. पण ज्याला कोणी फोन देत नाही, स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो, त्याने काय निवडलं? त्यासाठी केरळच्या किनाऱ्यावर जाऊ या.

रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळातल्या कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांमधल्या मच्छीमारांचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या पट्ट्यात १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. त्याआधी होडी नेहमीच्या बंदराला लागायची. तिथे मासळी जास्त झाली की भाव पडायचा, गिऱ्हाईक नसलं तर मासळी फेकून द्यावी लागायची. आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. किनाऱ्यावरच्या टॉवरचं सिग्नल समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत पोचायचं, तेव्हा होडीतूनच फोन करून कुठे भाव आहे ते विचारता येऊ लागलं. जेन्सनच्या हिशोबाप्रमाणे मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली आणि मासळी फेकून देणं जवळपास थांबलं.

या मच्छीमारांना कीबोर्ड नको होता, कुलूपही नको होतं. समुद्रात सिग्नल हवा होता, आणि पलीकडे फोन उचलणारा व्यापारी हवा होता. त्यांच्या निवडीत निर्णायक होता तो टॉवर.

देशभरातल्या छोट्या धंदेवाल्यांचंही थोड्याफार फरकाने हेच झालं. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्यानंतर बरीच वर्षं आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. मग गिऱ्हाइकाला नंबर द्यायचा कसा? २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि प्लंबर, रिक्षावाला, भाजीवाला यांनाही आपला नंबर गिऱ्हाइकाला बिनधास्त देता येऊ लागला. त्याच वर्षी नोकिया ११०० आला. धूळ सहन करणारा, घामट हातातून न निसटणारा, आणि डोक्यावर टॉर्च असलेला. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. पण त्याआधी दराचा नियम बदलला नसता, तर हा गुणी फोनही छोट्या धंद्याच्या फारसा कामाला आला नसता.

आता पुन्हा ब्लॅकबेरीकडे. २००७ च्या जूनमध्ये आयफोन विक्रीला आला. सुरुवातीला ऑफिसच्या दृष्टीने तो कच्चाच होता. २००८ मध्ये त्यावर कंपन्यांची ईमेल नीट येऊ लागली, दुरून मजकूर पुसण्याची सोय आली. मग लोक स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन ऑफिसात आणू लागले आणि म्हणू लागले, यावरच माझी ईमेल द्या. निवड ऑफिसच्या हातून कर्मचाऱ्याच्या हातात गेली. ऑफिसचा खर्च वाचला; कर्मचाऱ्याच्या घरगुती फोनमध्ये मात्र ऑफिस कायमचं येऊन बसलं.

१० ऑक्टोबर २०११ रोजी रिसर्च इन मोशनच्या यंत्रणेतला एक महत्त्वाचा स्विच बंद पडला आणि त्याची पर्यायी व्यवस्थाही चालली नाही. युरोप, पश्चिम आशिया, आफ्रिका, भारत आणि पुढे अमेरिकेतही ब्लॅकबेरीची सेवा विस्कळीत झाली, ती सुरळीत व्हायला तीन दिवसांहून अधिक गेले. लोकांच्या हातातले फोन ठणठणीत होते. पण निरोप त्या एकाच वाटेने जात असल्यामुळे काम अडलं. २०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनना लागणारी सेवाही बंद केली. ज्या फोनचे बटण नि बॅटरी शाबूत होती, त्यांचाही भरवसा त्या दिवसापासून संपला.

तुम्ही म्हणाल, ब्लॅकबेरी गेला, विषय संपला. तसं झालेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने धंद्यासाठी वेगळं ॲप आणलं आणि आपल्याकडचे केकवाले, साडीवाले, क्लासवाले सगळे त्यावर गेले. गिऱ्हाईक तिथेच आहे, त्यामुळे निवड चुकीची म्हणता येत नाही. पण ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. २०११ चा ऑक्टोबर आणि हा ऑक्टोबर, मध्ये दहा वर्षं. फोन बदलले, एका वाटेवर विसंबणं तसंच राहिलं. फरक असलाच तर एवढा की, ब्लॅकबेरी मोठ्या ऑफिसांनी माणसं नेमून, करार करून घेतला होता. घरून डबे देणाऱ्या ताईंकडे ना करार आहे, ना तक्रार करायला माणूस.

म्हणून धंद्यासाठी फोन घ्यायचाच असेल, तर या इतिहासातून निघणारे चार प्रश्न दुकानात जाण्याआधी घरीच विचारा. माझं गिऱ्हाईक कुठे आहे आणि तिथवर सिग्नल पोचतो का? हा प्रश्न केरळच्या मच्छीमारांचा. माझ्या निरोपांची आणि हिशोबाची किल्ली कोणाकडे आहे? हा २०१० चा. आज संध्याकाळी ही सेवा बंद पडली तर गिऱ्हाइकांचे नंबर माझ्या वहीत आहेत का? हा २०११ चा. आणि चौथा, कर्मचारी स्वतःचे फोन कामावर आणू लागले तेव्हापासूनचा : पाटीवर लिहिलेला नंबर कोणाच्या नावावर आहे, माझ्या की कामावरच्या मुलाच्या? कारण तो मुलगा उद्या काम सोडून गेला, तर गिऱ्हाईकही त्या नंबराबरोबर जाईल.

या चारांची उत्तरं मिळाली की मग खुशाल कॅमेरा बघा, बॅटरी बघा. त्या गोष्टी दुकानदार तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या सांगेल.

मी इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.