होडीबांधणीचं शिक्षण आणि संशोधन : पालघरच्या किनाऱ्यासाठी कुठे काय आहे?

घिवली, दांडी, उच्छेळी, नवापूर, आलेवाडी, मुरबे, सातपाटी. बोईसर-पालघरच्या पश्चिमेला समुद्राला लागून असलेली ही मच्छीमारांची गावं. इथल्या एका यांत्रिक होडीत एका कुटुंबाचे लाखो रुपये आणि समुद्रात जाणाऱ्या खलाशांचे जीव गुंतलेले असतात. पण त्या होडीचा आराखडा मागितलात तर बहुतेक वेळा तो कागदावर नसतो, तो बांधणाऱ्या सुताराच्या डोक्यात असतो. याच भागात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आयटीआय आहेत, तारापूरची एमआयडीसी आहे, अणुऊर्जा केंद्रसुद्धा आहे. होडी कशी बांधायची हे मात्र यातल्या कुठल्याच वर्गात शिकवलं जात नाही.

मग या विषयावर संशोधन कोण करतं, शिकायचं तर कुठे जायचं, आणि साध्या लॅपटॉपवर आपण काय करू शकतो, ते या लेखात बघूया.

डोक्यातला आराखडा

पारंपरिक पद्धत थोडक्यात अशी. आधी पठाण, म्हणजे होडीचा खालचा कणा, जमिनीवर मांडतात. पुढे नाळ आणि मागे खांब उभा करतात. मग मोजक्या ठिकाणी वाक असलेल्या फासळ्या बसवून त्यांच्यावरून लांब लवचिक पट्ट्या ओढून बघतात. पट्टी कुठे पोट काढते, कुठे आत जाते, हे सुतार डोळ्याने ठरवतो आणि उरलेल्या फासळ्या त्या बेताने कापतो. मत्स्यविज्ञानाच्या पुस्तकांत 'सातपाटी पद्धतीची होडी' असा वेगळा प्रकार नोंदलेला आहे : सरळ कणा, रुंद पोट, उंच काठ. इथल्या समुद्राला आणि इथल्या जाळ्यांना जुळत जुळत तो आकार घडला आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा अनेक पिढ्या प्रॉडक्शनमध्ये चाललेला कोड आहे, फक्त त्याचं डॉक्युमेंटेशन नाही. तो चालतो, कारण जे चाललं नाही ते बुडालं किंवा कोणी पुन्हा बांधलं नाही. अडचण येते ती इनपुट बदलल्यावर. शीड गेलं, डिझेल इंजिन आलं. बर्फाचा साठा वाढला, जाळं जड झालं, ते ओढायला डेकवर यंत्र आलं. लाकूड महागलं म्हणून फायबर आलं. यातला प्रत्येक बदल होडीचं वजन आणि त्या वजनाची जागा बदलतो. जुनी प्रमाणं जुन्या वजनासाठी होती.

मुंबईत हे एकदा घडून गेलंय

१७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षांच्या आसपास जहाजं बांधली. १८१७ मध्ये त्यांनी सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. या घराण्याकडे हातातलं ज्ञान भरपूर होतं. तरीही वाफेची जहाजं आली तेव्हा याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी १८३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि चॅथमच्या गोदीत नौकारचना शिकले. १८४१ मध्ये दोघांनी त्या मुक्कामावर पुस्तकही लिहिलं.

म्हणजे तंत्र बदललं तेव्हा मुंबईच्या सर्वांत नावाजलेल्या सुतारांनीसुद्धा शाळा गाठली. पण त्यांच्या मागे ईस्ट इंडिया कंपनीची गोदी होती. घिवलीच्या होडीमालकाच्या मागे असं काही नाही, त्यामुळे इथे संशोधनच किनाऱ्यापर्यंत यावं लागतं.

संशोधन कुठे होतं?

मुख्य नाव सिफ्ट, म्हणजे केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था. १९५७ मध्ये कोचीला सुरू झाली. वेरावळ, विशाखापट्टणम आणि मुंबई इथे तिची केंद्रं आहेत. मासेमारीच्या यांत्रिकीकरणाच्या काळात या संस्थेने साधारण ७.५ ते १५ मीटर लांबीच्या लाकडी बोटींचे प्रमाणित आराखडे तयार केले. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांवर तिचं मोठं काम आहे. सागवान परवडेनासं झालं तेव्हा रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर दोन प्रकारची रासायनिक प्रक्रिया करून, वरून फायबरचं आवरण देऊन छोट्या होड्या बांधून दाखवल्या. २०१६ मध्ये १९.७५ मीटरची 'सागर हरिता' ही इंधन वाचवणारी बोट आली. आराखडा सिफ्टचा, बांधणी गोवा शिपयार्डची, तळ स्टीलचा आणि वरची केबिन फायबरची.

हे सगळं उपयोगी आहे. पण आराखडे मुख्यतः इंग्रजी अहवालांत आहेत आणि सुताराला रेषांचा नकाशा वाचायची सवय नाही. अहवाल आणि करवत यांच्यामध्ये एक माणूस लागतो, आणि तो तयार करणारा अभ्यासक्रम नाही. माझ्या मते खरी पोकळी हीच आहे.

फायबर : पावसाळ्यातलं काम

फायबरची होडी म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थरावर थर. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते घट्ट होतं. किती हार्डनर, किती तापमान, हवेत किती दमटपणा, यावर थराची ताकद ठरते. आता गंमत बघा : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून दुरुस्तीचं काम त्याच दिवसांत उरकावं लागतं. फायबरसाठी वर्षातला सर्वांत वाईट काळ तोच. चटई ओलसर असेल तर थर एकमेकांना नीट धरत नाहीत, आणि हे वरून रंग मारल्यावर दिसत नाही.

तपासायची पद्धत मात्र अगदी सोपी आहे. होडीतून भोक पाडताना निघालेला तुकडा वजन करायचा, प्रयोगशाळेच्या भट्टीत साधारण ५६५ अंशांवर रेझिन जाळून टाकायचं आणि उरलेली काच पुन्हा वजन करायची. हाताने चटई लावून केलेल्या कामात वजनाच्या सुमारे ३० ते ३५ टक्के काच असायला हवी. बरीच कमी निघाली तर रेझिन जास्त ओतलंय : होडी जड आणि ठिसूळ. फार जास्त निघाली तर काच नीट भिजलेलीच नाही. अशी भट्टी बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत असते. डिप्लोमाच्या मुलांचा एक प्रोजेक्ट आणि मालकाला खरी माहिती, दोन्ही होतं.

होडी किती स्थिर आहे? घड्याळ लावून बघा

होडी एका बाजूला कलली की परत सरळ होते, कारण पाण्याचा वर ढकलणारा जोर बाजूला सरकतो. ही परत येण्याची क्षमता मीटरमध्ये मोजतात, तिला मेटासेंट्रिक उंची म्हणतात. ती काढायची एक जुनी, सोपी पद्धत आहे. शांत पाण्यात दोर सैल ठेवून होडी डोलवायची. डावीकडून उजवीकडे जाऊन परत डावीकडे, हा एक झोका. पाच-सहा झोक्यांचा वेळ मोजून सरासरी काढायची. मग :

उंची = (०.८ × होडीची रुंदी ÷ एका झोक्याचे सेकंद) चा वर्ग

रुंदी ४ मीटर आणि झोका ४ सेकंदांचा असेल तर उत्तर ०.६४ मीटर. तीच होडी डेकवर जाळं आणि यंत्र चढवल्यावर ५ सेकंद घेऊ लागली तर ०.४१. चोवीस मीटर आणि त्याहून मोठ्या, एकच डेक असलेल्या मासेमारी जहाजांना आंतरराष्ट्रीय निकषांत किमान ०.३५ मीटर सांगितलेत. आपल्या होड्या त्याहून लहान, म्हणून तो आकडा जशाच्या तसा लागू नाही, पण अंदाज येतो. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की सावकाश, आळसावलेली डोलणारी होडी आरामदायक वाटते आणि तीच जास्त धोक्याची असते. बरेच तांडेल हे अंगाने ओळखतात. आकडा हाताशी असला की मालकाशी बोलणं सोपं जातं.

ही चाचणी ढोबळ आहे. काठ पाण्यापासून किती वर आहे, डेकवरचं पाणी किती लवकर बाहेर जातं, हे ती सांगत नाही.

डिझेलचा हिशेब

पाण्याला चिकटून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. नॉटमधली ढोबळ मर्यादा = २.४३ × पाण्यातल्या लांबीचं वर्गमूळ. १२ मीटरला ती ८.४ नॉट येते. त्याच्या जवळ गेलं की इंजिन कितीही मोठं लावा, डिझेल जळतं आणि लाट मोठी होते, बाकी फारसं काही होत नाही. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून फेऱ्या १० टक्के कमी केल्या तर शक्ती सुमारे २७ टक्के कमी लागते. वेगही १० टक्के कमी झाला असं धरलं, तरी तेवढ्याच अंतराला डिझेल साधारण १९ टक्के वाचतं. प्रत्यक्षात वारा, भरती आणि तळाला चिकटलेले शिंपले यामुळे आकडा हलतो. अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये छोट्या मासेमारी बोटींच्या इंधनबचतीवर काढलेली ओयविंद गुलब्रांडसन यांची पुस्तिका याबाबतीत फार चांगली आहे. ती मराठीत आणण्यासारखी आहे.

पालघरला हा हिशेब आता जास्त महत्त्वाचा होईल. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं, मच्छीमार संघटनांचा त्याला विरोध आहे. जवळचं पाणी आक्रसलं तर होड्यांना लांब जावं लागेल, आणि लांब जाणं म्हणजे जास्त डिझेल, जास्त बर्फ, जास्त वजन.

शिकायचं तर कुठे?

नौकारचनेची पदवी आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रास, कोचीचं कुसॅट आणि भारतीय सागरी विद्यापीठाचा विशाखापट्टणम परिसर इथे मिळते. तिथून बाहेर पडणारी मुलं साधारणपणे मोठ्या गोद्यांकडे जातात. दहावीनंतर हाताचं काम शिकायचं असेल तर कोचीच्या सिफनेटचा दोन वर्षांचा मरीन फिटर कोर्स बघा, तो चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही आहे. रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. तिथल्या पदवीत मासेमारी नौकांचा विषय येतो, पण भर माशांवर. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत सहा महिन्यांत नौकानयन आणि इंजिनाची देखभाल शिकवतात. माझगाव डॉकच्या अप्रेंटिस शाळेत सुतारकाम आणि फॅब्रिकेशन आहे.

यातलं काहीही शिकलात तरी बारा मीटरची होडी पूर्ण बांधायला सुताराकडेच उभं राहावं लागेल.

मोबाइलने आराखडा काढणं

होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना तिच्याभोवती फिरून शंभर-दोनशे फोटो काढा, सोबत एक मोजपट्टी दिसू द्या. मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातून त्रिमितीय आकार बनवतं. तो डेल्फ्टशिपच्या मोफत आवृत्तीत समोर ठेवून रेषा काढल्या की होडी किती वजनाला किती बुडेल हे समजतं. चकचकीत फायबरवर फोटो नीट जुळत नाहीत, तेव्हा तळावर खडूने खुणा करा.

हे शक्य आहे याचं मोठं उदाहरण गोव्यात झालं. अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा आराखडा नव्हताच. दोरीने फळ्या शिवणारे केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली बांधणी झाली, नौदलाने रचना केली आणि आकाराच्या प्रतिकृतीची पाण्यातली चाचणी आयआयटी मद्रासने केली. ते जहाज, 'कौंडिण्य', मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं.

सातपाटी पद्धतीच्या होडीसाठी एवढं मोठं काही लागत नाही. जून-जुलैमध्ये होड्या वर असतात आणि सुतारही तिथेच असतात. एक होडी, तिच्या मालकाची परवानगी, तीन-चार विद्यार्थी आणि प्रत्येक फासळी तिथेच का बसवली हे सुताराला विचारून मराठीत लिहून घेणारं कोणीतरी, एवढ्याने पहिला आराखडा होतो. त्या कागदावर सुताराचं नाव मात्र रचनाकार म्हणून आधी लिहायचं.