खुब्यातला गर्डलस्टोन

नागपुरात हाडांच्या वॉर्डात चार दिवस काढले की एक शब्द कानावर पडतोच. ‘मेडिकल’ असो, ‘मेयो’ असो की धंतोलीतलं एखादं खासगी इस्पितळ, राउंडच्या वेळी ज्युनिअर डॉक्टर सांगतात, “सर, बारा नंबरचा गर्डलस्टोन झालाय.” नातेवाईक तो शब्द आपापल्या जिभेनं उचलतात. कुणी ‘गरडस्टोन’ म्हणतं, तर ‘स्टोन’ ऐकून कुणाला वाटतं की मुतखड्यासारखा खडा निघाला.

आमचीही तीच गत झाली होती. माझी आत्या न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बसवला. दीड महिन्यानं टाक्यांजवळून पाणी झिरपायला लागलं. दोनदा आतून धुऊन काढलं, पण पुन्हा तेच. शेवटी डॉक्टर म्हणाले, बसवलेलं सगळं काढावं लागेल. मी विचारलं, “मग त्या जागी काय बसवणार?” ते म्हणाले, “सध्या काहीच नाही.” ऑपरेशननंतरचा एक्स-रे मी खिडकीच्या उजेडात धरून किती वेळ पाहत बसलो होतो. मांडीचं हाड वर येऊन नुसतंच थांबलेलं. गोळा नाही, मान नाही, वर रिकामी वाटी. हाच तो गर्डलस्टोन.

गर्डलस्टोन हे एका माणसाचं नाव आहे. गॅथॉर्न रॉबर्ट गर्डलस्टोन, जन्म 1881, इंग्रज सर्जन. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते ऑक्सफर्डला आले आणि शेजारच्या हेडिंग्टनमधल्या विंगफिल्ड इस्पितळाचेच होऊन गेले. ते इस्पितळ नव्यानं उभारायला मोठी देणगी दिली मोटारींचे कारखानदार विल्यम मॉरिस यांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे मॉरिस वेगळे, पण आपली अ‍ॅम्बॅसिडर गाडी मात्र याच मॉरिस यांच्या कंपनीच्या ‘ऑक्सफर्ड’ गाडीवरून बनलेली. त्यांच्याच पैशातून 1937 साली ब्रिटनमधलं हाडांच्या शस्त्रक्रियेचं पहिलं प्राध्यापकपद निर्माण झालं, आणि त्यावर गर्डलस्टोन बसले.

त्यांच्यापुढे येणारे रोगी म्हणजे क्षयानं किंवा पुवानं खुबा सडलेली माणसं, त्यात मुलंही बरीच. खुबा हा शरीरातला फार खोल सांधा. वरून चीर देऊन पू काढला तरी जाड मांस पुन्हा मिटतं आणि पू आतच कोंडतो. रोगी महिनोन् महिने तापानं झिजत जायचा. 1943 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गर्डलस्टोननी आपला उपाय मांडला: गोळा काढा, मान काढा, वाटीची कड काढा, वरचं मांससुद्धा काढा आणि जखम उघडी ठेवून तळापासून भरू द्या. वाचताना अंगावर काटा येतो. पण तो काळ लक्षात घ्यायला हवा. त्याच ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन माणसाला पहिल्यांदा टोचून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि ते सर्वांना मिळण्याइतकं बनतही नव्हतं. पुवाला वाट करून देणं हेच औषध होतं.

खुब्याचा गोळा काढणारे ते पहिले नव्हेत. लंडनचे सर्जन अँथनी व्हाइट यांनी 1821च्या सुमारास एका मुलाचा सडलेला गोळा काढला होता, तोही भूल देण्याची सोय नसताना. नाव मात्र चिकटलं गर्डलस्टोन यांचं. आज त्या नावानं जे करतात ते त्यांच्या मूळ कृतीपेक्षा बरंच सौम्य आहे. गोळा आणि मान काढतात, जागा स्वच्छ करतात, जखम शिवतात.

गर्डलस्टोन 1950 साली वारले. फसलेला सांधा काढण्याच्या ज्या कामासाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं, त्याची मोठी सुरुवात त्यानंतरची आहे. इंग्रज सर्जन जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याच्या वाटीसाठी आधी टेफ्लॉन वापरून पाहिलं. ते दोन-चार वर्षांत झिजलं आणि शेकडो रोग्यांचे सांधे बिघडले. टेफ्लॉन शरीरात काय करतं हे पाहायला चार्नलींनी त्याचा कण स्वतःच्या मांडीत घालून घेतला होता. नोव्हेंबर 1962मध्ये त्यांनी पॉलिएथिलिनची वाटी बसवली आणि ती टिकली. सांधे बदलण्याचं युग सुरू झालं, आणि फसलेल्या सांध्यांचंही.

फसलं म्हणजे काय फसलं, यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून तो प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारावा. सांधा नुसता सैल झाला असेल तर तो काढून त्याच बैठकीत दुसरा बसवता येतो. सारखा निखळत असेल तर वाटीची जात किंवा तिचा कोन बदलतात. पू पहिल्या काही आठवड्यांतच लक्षात आला तर धुऊन सांधा वाचण्याची आशा असते. पण पू मुरला, की धातूवर जंतूंचा चिवट थर बसतो आणि तिथवर औषध पोचत नाही. मग सांधा काढावाच लागतो, आणि मागे उरतं तेच, जे गर्डलस्टोन मुद्दाम करत होते.

ती पोकळी भरायच्या युक्तीचं बीज जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून आलं. तिथले सर्जन बुखहोल्झ यांनी 1970च्या आसपास सांधा चिकटवायच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन हे जंतूंवरचं औषध मिसळलं. हे सिमेंट बांधकामाचं नव्हे, कवळीच्या गुलाबी हिरड्यांच्या जातीचं असतं. पूड आणि द्रव कालवला की तीव्र वास सुटतो, गोळा हातात गरम व्हायला लागतो आणि दहा-बारा मिनिटांत दगड होतो. तेवढ्या वेळात सर्जन एका सळईभोवती ते लिंपतो आणि वरच्या टोकाला गोळा वळतो. हा ‘स्पेसर’. तो दोन-तीन महिने आत राहतो, औषध पाझरवतो, पायाची लांबी राखतो. रक्तातले सीआरपी, ईएसआर हे सूज दाखवणारे आकडे उतरले की तो काढून पक्का सांधा बसवतात.

इथे मात्र माझा जीव अडकतो. दुसऱ्या टप्प्याचा सांधा महाग असतो. चंद्रपूर, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाटकडून आलेला माणूस पहिल्या टप्प्यातच शेत गहाण टाकून बसलेला असतो. सिकलसेलच्या आजारामुळे गोळ्याचं रक्त आटून ऐन तिशीत खुबा बदलावा लागलेले रोगीही याच पट्ट्यातले. तारीख पुढे जाते, मग कुणी येतच नाही. तात्पुरता गर्डलस्टोन कायमचा होतो, न ठरवता, न बोलता. सांधा काढण्याआधी हे बोलणं व्हायलाच हवं: दुसरं ऑपरेशन होणार का, कधी, किती पैशांत, आणि झालं नाही तर पाय कसा राहील.

कारण तसा पाय म्हणजे सगळं संपलं, हेही खरं नाही. पाय तीन-चार सेंटिमीटर आखूड होतो, चाल झुकते, काठी आणि उंच टाचेचा जोडा लागतो. पण दुखणं आणि वाहणं बहुधा थांबतं. आणि एक गोष्ट खुर्चीत बसणाऱ्या इंग्लंडच्या रोग्याला महत्त्वाची नव्हती, ती आपल्याकडे आहे. सांधा बदललेल्यांना उकिडवं बसायची मनाई असते, निखळायची भीती असते. गर्डलस्टोनमध्ये निखळायला काही नसतंच. वाराणसीच्या डॉ. तुली आणि डॉ. मुखर्जी यांनी 1981 साली क्षय आणि पुवाच्या रोग्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या बहुतेक रोग्यांना उकिडवं बसता येत होतं आणि मांडी घालता येत होती. निंदणाला बसणाऱ्या बाईसाठी हा हिशेब फार मोठा आहे.

आत्यानं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, “मले खाली बसता येईन का?” दुसरं ऑपरेशन तिनं स्वतःच नको म्हटलं, नीट विचारून, वय आणि साखर दोन्ही मोजून. डाव्या चपलेला मोच्याकडून तळ चढवून घेतला. सहा महिन्यांनी मी गेलो तेव्हा ती ओसरीवर मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, काठी भिंतीला टेकवलेली. मला म्हणाली, “बस ना बाप्पा, उभा काहाले?”