शक कोणता?

परवा नातू संगणकापुढे डोकं धरून बसला होता. जावा भाषेतल्या त्याच्या प्रोग्राममध्ये तारखांची तपासणी ‘स्ट्रिक्ट’ ठेवलेली. दिवस, महिना, वर्ष सगळं बरोबर, तरी तारीख स्वीकारली जाईना! शेवटी कारण सापडलं. वर्षासाठी त्याने ‘वाय’ हे अक्षर चारदा लिहिलं होतं. त्याचा अर्थ अमुक एका कालगणनेतलं वर्ष. मग कालगणना कोणती तेही सांगा, असा यंत्राचा हट्ट. ‘वाय’ऐवजी ‘यू’ लिहिल्यावर काम झालं.

मला हसू आलं. इतिहासाच्या तासाला मी हेच विचारायचो, शक कोणता? शिवजन्माची नोंद जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. सरसकट ७८ मिळवणारा विद्यार्थी १६२९ लिहायचा. पण हा फाल्गुन जानेवारीनंतरचा, म्हणून ७९ मिळवायचे. आली १९ फेब्रुवारी १६३०. तीही जुन्या ज्युलियन पद्धतीची. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने १ मार्च.

आमची वणी-दिंडोरीची लढाईच घ्या ना. सुरतेहून परतताना महाराजांनी दाऊदखानाला हरवलं, ती तारीख १७ ऑक्टोबर १६७०. इंग्रजांनी ज्युलियन पद्धत सोडली ती १७५२ साली. आजच्या पद्धतीने लढाईचा दिवस २७ ऑक्टोबर येतो. दोन्ही तारखा खऱ्या, फक्त पद्धत सांगायला हवी.

नातू म्हणाला, "आजोबा, तपासणी सैल ठेवली ना, तर ३१ एप्रिल लिहिलं तरी चालतं. गुपचूप १ मे करून टाकतो."

इथे मात्र मी गप्प झालो. असं गुपचूप मीही केलंय. पहिलीत मूल घालायला आलेली आई सांगायची, "गुरुजी, पोळ्याच्या आदल्या दिशी झाला. लई पाऊस व्हता त्या साली." पावसाचं साल ठरवून जुनं पंचांग उघडलं असतं तर खरी तारीख निघाली असती. मी रजिस्टरात १ जून लिहून मोकळा व्हायचो. त्याच तारखेवर पुढे त्या मुलांची नोकरी, निवृत्ती, पेन्शन ठरलं.

कडक तपासणी ३१ एप्रिल पकडते. १ जून पकडत नाही, कारण ती तारीख कॅलेंडरात असतेच.

असो. दर १ जूनला जुन्या विद्यार्थ्यांना शुभेच्छांचे फोन करतो. तेही हसून म्हणतात, "गुरुजी, तुम्हीच दिलेला वाढदिवस!"